रिपोर्टात ‘स्टेबल’ आलंय, म्हणजे केमो लागू पडत नाही का?

प्रश्न असा आहे: ‘माझे वडील ६३ वर्षांचे, तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, लिव्हरमध्येही एक गाठ आहे. केमोचे तीन डोस झाल्यावर सीटी स्कॅन केला. फुप्फुसातली गाठ ५२ मिमीची ४१ झाली, लिव्हरमधली २४ ची १७, छातीच्या मध्यभागातली अवधाणाची गाठ १८ ची १२. तरी रिपोर्टात शेवटी ‘स्टेबल डिसीज’ लिहिलंय. डॉक्टर म्हणतात हेच औषध चालू ठेवू. घरचे म्हणतात, एवढा खर्च करून आहे तिथंच असेल तर उपयोग काय? पेट स्कॅन करून घ्यावा का? दर महिन्याला सीटी केला तर लवकर कळेल का? मधेमधे सोनोग्राफी केली तर चालेल का?’

तुमचे डॉक्टर बरोबर आहेत आणि रिपोर्टही बरोबर आहे. घोळ घातलाय तो ‘स्टेबल’ या शब्दाने. घरात तो ‘जैसे थे’ असा ऐकला गेला. आमच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच की आकडा दोन ठरलेल्या रेघांच्या मधे पडला. सांगली-मिरजेत मी २७ वर्षं स्कॅन वाचतोय आणि नातेवाइकांचे निम्मे फोन मला या एका शब्दापायी येतात. त्या रेघा कुठे आहेत ते सांगतो, मग गणित तुमचं तुम्हालाच मांडता येईल.

औषधाने गाठ किती हटली हे मोजायची जगभर चालणारी एक पद्धत आहे, तिला ‘रेसिस्ट’ म्हणतात. ती २००० साली आली, २००९ मध्ये सुधारली गेली. उपचार सुरू करण्याआधीच्या स्कॅनवर नीट मोजता येतील अशा गाठी निवडायच्या, एका अवयवातल्या फार तर दोन आणि सगळ्या मिळून फार तर पाच. प्रत्येकीची सगळ्यात लांब बाजू घ्यायची. अवधाणाच्या गाठीची, म्हणजे लिम्फ नोडची, मात्र रुंदी घ्यायची, कारण ती मुळातच शेंगदाण्यासारखी लांबट असते. लांबीवरून तिचं काही कळत नाही, रोग शिरला की ती गोल व्हायला लागते. मग सगळ्यांची बेरीज करायची. बेरीज ३० टक्के किंवा त्याहून जास्त उतरली तर ‘पार्शल रिस्पॉन्स’. सगळं दिसेनासं झालं आणि अवधाणं १० मिमीच्या आत आली तर ‘कम्प्लीट रिस्पॉन्स’. बेरीज २० टक्के चढली आणि ती चढ निदान ५ मिमीची असली, किंवा कुठेही नवी गाठ उगवली, तर ‘प्रोग्रेशन’, म्हणजे रोग पुढे सरकला. यातलं काहीच नसेल तर जे उरतं त्याचं नाव ‘स्टेबल’.

आता तुमच्या वडिलांचे आकडे. आधी ५२, २४ आणि १८, बेरीज ९४. आता ४१, १७ आणि १२, बेरीज ७०. म्हणजे २४ मिमी उतरले, साडेपंचवीस टक्के. ३० ची रेघ गाठायला बेरीज ६५ वर यायला हवी होती, ती ७० वर थांबली. तीन गाठींत मिळून ५ मिमी, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याएवढी लांबी कमी पडली म्हणून तुमच्या रिपोर्टावर हा शब्द आला. एक मिमीही न हटलेल्या रुग्णाच्या रिपोर्टावर हाच शब्द येतो आणि १९ टक्के वाढलेल्याच्याही. म्हणून मी रिपोर्टात शब्दासोबत बेरीज आणि टक्के दोन्ही लिहितो. सगळेच लिहीत नाहीत. तुमच्या रिपोर्टात नुसतेच शब्द असते तर मी तुम्हाला परत जाऊन आकडे मागून घ्यायला सांगितलं असतं, आणि ते मागायला अजिबात संकोच करायचा नाही.

शिवाय आम्ही मोजतो ती एक बाजू, पण गाठ तिन्ही बाजूंनी आटते. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो हे तासगावच्या माणसाला मी सांगायला नको. वजन पावपटीवर येतं, पण बेदाण्याला पट्टी लावली तर २० मिमीचा मणी ५ मिमीचा झालेला दिसत नाही, बारा-तेराच्या आसपास दिसतो. फुप्फुसातली गाठ ५२ ची ४१ झाली म्हणजे लांबीत एकवीस टक्के घट, पण आकारमानात ती जवळजवळ निम्मी झाली. लिव्हरमधली तर तिसऱ्या हिश्श्यावर आली. तीन डोसांत हे काही कमी नाही.

तुम्ही सोबत दिलेल्या तारखांमध्ये आणखी एक गोष्ट आहे. पहिला सीटी झाला, मग सुईने तुकडा काढला, त्याच्या तपासण्या मोठ्या शहरातून येईपर्यंत दिवाळी उलटली, आणि पहिला डोस लागला तेव्हा सीटीला पाच आठवडे होऊन गेले होते. पहिला स्कॅन उपचाराच्या चार आठवड्यांच्या आतला असावा असं ही पद्धत सांगते, आणि त्याला कारण आहे. त्या पाच आठवड्यांत गाठ गप्प बसलेली नसणार. औषध सुरू झालं त्या दिवशी बेरीज ९४ च्या वर असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे खरा उतार साडेपंचवीस टक्क्यांपेक्षा जास्तच असेल. हे कुठल्याही रिपोर्टात लिहिता येत नाही, कारण न काढलेल्या स्कॅनवरची गाठ मोजता येत नाही. तुमच्या डॉक्टरांच्या मनात मात्र ते असणार.

सांगलीकर असाल तर ही सगळी भानगड कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर समजते. पावसाळ्यात सगळा गाव एकच प्रश्न विचारतो, ‘आयर्विनला किती फूट?’ ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. नुसतं ‘पाणी ४३ फूट आहे’ ऐकून कुणाचं समाधान होत नाही. काल किती होतं, चढतंय की उतरतंय, हे कळल्याशिवाय सामान माळ्यावर टाकायचं की खाली घ्यायचं ते ठरत नाही. आणि कालचा आकडा आयर्विनचा अन् आजचा अंकली पुलाचा धरला तर वजाबाकी करण्यात अर्थ नाही. पूल तोच हवा, पट्टी तीच हवी. स्कॅनचंही तसंच आहे, एकटा स्कॅन म्हणजे एका दिवसाचा आकडा.

उतार आणि चढ मोजायची सुरुवात मात्र वेगवेगळ्या ठिकाणापासून होते, आणि इथं भलेभले फसतात. उतार मोजायचा तो उपचाराआधीच्या पातळीपासून. चढ मोजायची ती आजवर सगळ्यात खाली गेलेल्या पातळीपासून. समजा पुढच्या स्कॅनला वडिलांची बेरीज ६० झाली आणि त्याच्या पुढच्याला ७३. घरचे म्हणतील, ‘९४ होतं, ७३ आहे, मग वाढलं कसं म्हणता?’ पण ६० वरून ७३ म्हणजे वीस टक्क्यांच्या वर. पाणी परत चढायला लागलंय, औषधाची पकड सुटलीय. तेव्हा डॉक्टर औषध बदलायचं म्हणाले तर ‘अजून पहिल्यापेक्षा कमीच आहे की’ असा वाद घालू नका.

पट्टी तीच हवी म्हणजे काय, तेही जरा जवळून सांगतो. एकाच स्कॅनवरची एकच गाठ मी आणि माझा सहकारी वेगवेगळी मोजली तर दोन-तीन मिमीचा फरक सहज पडतो. कडा काटेरी असली तर जास्तही. म्हणून तर रेघा ३० आणि २० अशा लांब लांब आखल्यात. मोजणाऱ्याच्या हाताची चूक तेवढ्यात जिरून जावी. फुप्फुसातली गाठ ‘लंग विंडो’ नावाच्या सेटिंगवर मोजली तर मोठी भरते, दुसऱ्या सेटिंगवर लहान. स्कॅनमधले काप ५ मिमीपेक्षा जाड असले तर लहान गाठ दोन कापांच्या मधे हरवते. माणसाने श्वास रोखला नाही तर कड धूसर येते. वडिलांना खोकला असेल तर टेबलावर झोपायच्या आधी तंत्रज्ञाला तसं सांगा. आणि लिव्हरसाठी शिरेतून डाय, म्हणजे चित्र उजळवणारं औषध, देतात त्याची वेळही महत्त्वाची. इंजेक्शननंतर साधारण ७० सेकंदांनी काढलेल्या चित्रात लिव्हर उजळतं आणि गाठ काळपट उठून दिसते. २५-३० सेकंदांना काढलं तर तीच गाठ वेगळ्या आकाराची दिसेल, कदाचित दिसणारच नाही. पहिला स्कॅन डाय देऊन आणि दुसरा बिनडायचा, अशी जोडी माझ्यापुढे आठवड्यातून दोनदा तरी येते. लिव्हरबद्दल त्यातून मला प्रामाणिकपणे काहीच सांगता येत नाही.

मिरजेला १८९४ मध्ये डॉक्टर वॉन्लेस यांचं इस्पितळ उभं राहिलं तेव्हापासून इथं लांबलांबून, कर्नाटकातूनही माणसं येतात. त्यांच्यासोबत खताच्या पिशवीत गुंडाळलेल्या फिल्म येतात. माझी जुनी तक्रार या फिल्मांबद्दल आहे. एका सेंटरने एका बाईंना तीनशे चित्रांच्या स्कॅनच्या फक्त दोन फिल्म दिल्या, एकेकीवर पोस्टाच्या तिकिटाएवढी तीस चित्रं. सीडी मागितली तर ‘सिस्टीममधून उडाली’ असं उत्तर. त्या तिकिटांवर मी भिंगाने गाठ मोजली आणि रिपोर्टात लिहिलं की तुलना अंदाजे आहे. त्या ‘अंदाजे’वर एक औषध चालू ठेवायचं की थांबवायचं ते ठरणार होतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, फिल्म नाही दिली तरी चालेल, सीडी घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फिल्मचा फोटो मात्र कुणालाही मोजायला देऊ नका. त्यावर गाठ दिसते, पण मापता येत नाही.

चुका फक्त दुसऱ्यांच्या नाहीत. माझीही एक आहे, आणि ती मी नव्या मुलांना दरवर्षी सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत स्तनाच्या कॅन्सरच्या एका बाईंचा उपचारानंतरचा सीटी मी वाचला. मणक्यांमध्ये पाच-सहा ठिकाणी पांढरे ठिपके होते, आधीच्या रिपोर्टात त्यांचा उल्लेख नव्हता. मी लिहिलं, ‘हाडांत नव्या गाठी, रोग पुढे सरकला.’ संध्याकाळी त्यांच्या डॉक्टरांचा फोन आला. ते वयाने मोठे, आवाज शांत. म्हणाले, ‘बाई आज जिना चढून आल्या. दुखण्याच्या गोळ्या निम्म्यावर आल्यात, वजन दोन किलो वाढलंय. तुझी हाडं काय म्हणतात ते परत एकदा बघ.’ मी जुन्या फिल्म लाइट बॉक्सवर लावल्या आणि त्याच जागा शोधल्या. त्या तिथं होत्याच, फक्त फिक्या, कॅन्सरने पोखरलेल्या, पटकन नजरेत न भरणाऱ्या. औषधाने रोग मेला, खड्ड्यात नवं हाड भरायला लागलं, आणि भरलेलं हाड सीटीवर पांढरं दिसतं. बऱ्या होणाऱ्या जखमेला मी नवा रोग म्हटलं होतं. तेव्हापासून रिपोर्ट सही करायच्या आधी मी एक गोष्ट विचारतोच: माणूस कसा आहे? जेवतो का, चालतो का, दुखणं वाढलंय की कमी झालंय? स्कॅन आणि माणूस दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतील तर आधी मी स्कॅनवर शंका घेतो. तुम्ही वडिलांच्या खोकल्याबद्दल, भुकेबद्दल काहीच लिहिलं नाही. तुमच्या डॉक्टरांनी ते नक्की विचारलं असणार, आणि ‘चालू ठेवू’ म्हणण्यात त्याचा वाटा गाठींच्या मापाएवढाच असणार.

आकाराने फसवणारी औषधंही आहेत. पोटात ‘जिस्ट’ नावाची एक गाठ होते, तिला इमॅटिनिबच्या गोळ्या देतात. औषध उत्तम लागू पडलं तरी कित्येकदा गाठ सुरुवातीला तेवढीच राहते, आत रक्त उतरलं तर थोडी मोठीही होते. बदल होतो तो आत. घट्ट होती ती पाणथळ होते, आणि सीटीवर ती घनता आकड्यात मोजता येते. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार. म्हणून २००७ मध्ये तिच्यासाठी वेगळा निकष आला, लांबी १० टक्के घटली किंवा घनता १५ टक्के घटली तरी औषध लागू आहे असं समजायचं. इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांचं, आणखी वेगळं. तिथं क्वचित कधी लढणाऱ्या पेशींची गर्दी होऊन गाठ आधी फुगते आणि मग आटते. म्हणून २०१७ पासूनच्या नियमात पहिल्या वाढीवर निकाल द्यायचा नाही. माणूस ठीक असेल तर चार ते आठ आठवड्यांनी परत बघायचं. तुमच्या वडिलांना नुसती केमो चालू आहे म्हणून हे त्यांना लागू नाही, पण पुढे औषध बदललं तर हा परिच्छेद आठवा. मात्र ‘आधी फुगणारच’ असं समजून खऱ्या वाढीकडे डोळेझाक करणारे नातेवाईकही मी पाहिलेत. फुगून आटणं हे क्वचितच होतं, बहुतेक वेळा वाढलेली गाठ म्हणजे वाढलेली गाठच.

आता पेट स्कॅन. याच्याबद्दल लोकांच्या मनात ‘सगळ्यात महाग म्हणजे सगळ्यात खरं’ असं बसलंय. त्यात किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी साखर अधाशासारखी ओढतात, ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच हे दाखवलं होतं. जिथं साखर साठते तो भाग चमकतो. त्या फ्लोरिनचं दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, म्हणजे दूरच्या शहरातून गाडीने आलेल्या मालातलं पावणेचार तासांत पावपटच उरतं. पेटवाले वेळेच्या बाबतीत कडक असतात ते उगीच नाही. अर्धा तास उशीर झाला तर नुसती अपॉइंटमेंट जात नाही, औषध विरून जातं.

पेटची खरी किंमत कळते ती लिम्फोमात, म्हणजे अवधाणांच्या कॅन्सरात. तिथं केमोने रोग संपला तरी गाठीचा सांगाडा मागे उरतो. महापूर ओसरल्यावर गणपती पेठेत गाळ उरला होता, पण तो गाळ म्हणजे पूर नव्हे. सीटीला गाळ आणि पाणी यांतला फरक कळत नाही, पेटला कळतो: जिवंत पेशी नसतील तर ते चमकत नाही. फ्रान्समधल्या दोव्हिल गावी २००९ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी त्यासाठी एक ते पाच अशी पट्टी ठरवली. चमक रुग्णाच्या स्वतःच्या लिव्हरपेक्षा जास्त आहे का, हा तिचा कणा. हॉजकिन या लिम्फोमाच्या एका प्रकारात केमोच्या दोन सायकलनंतरच्या पेटवरून पुढचं औषध वाढवायचं की हलकं करायचं ते ठरतं. तिथं मी पैसे खर्च करा असंच सांगतो.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत आत्ता नाही. कारण साधं आहे, त्यातून निर्णय बदलणार नाही. गाठी उतरताना सीटीवरच दिसतायत. पेटमध्ये चमक कमी आली तरी औषध तेच चालू राहणार, थोडी उरली तरी तेच चालू राहणार. शिवाय तुमच्याकडे तुलनेला पहिला पेट नाहीच. आयर्विनला पाणी मोजताय, मधेच अंकलीला जाऊन काय करणार? आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. टीबीची गाठही तशीच चमकते. फुप्फुसाच्या शेंड्याला जुना टीबीचा डाग असलेल्या किती जणांना पेटवरून कॅन्सर पसरल्याचं ऐकवलं गेलंय आणि सुई घातल्यावर टीबी निघालाय. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर सगळी अस्थिमज्जा उजळते. शेक, म्हणजे रेडिएशन, झाल्यावर तीन महिने थांबावं लागतं, नाहीतर भाजल्याची सूजच चमकत राहते. मधुमेह्याची साखर २०० च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी परत पाठवतात. न्यूक्लिअर मेडिसिनमधल्या माझ्या मित्राने एकदा एक चित्र दाखवलं होतं. रोग कुठेच नाही, पण दोन्ही खांदे आणि दंड दिव्यासारखे पेटलेले. गृहस्थ आदल्या दिवशी ऑक्टोबर छाटणीला दिवसभर बागेत कात्री चालवून आले होते! स्नायूंनी साखर खाल्ली. तुमच्या घरी कधी पेटची वेळ आलीच तर आदल्या दिवशी वडिलांना बागेत जाऊ देऊ नका.

दर महिन्याला सीटी? नको. एका महिन्यात होणारा बदल बहुधा मोजणाऱ्याच्या हाताच्या चुकीएवढाच असतो. ३ मिमी कमी आलं तर तुम्ही पेढे वाटाल, ३ मिमी जास्त आलं तर रात्रभर झोपणार नाही, आणि दोन्ही वेळा गाठ तेवढीच असेल. शिवाय दर वेळी डाय किडनीतून जातो. केमोत सिसप्लॅटिन असेल तर त्याचाही बोजा त्याच किडनीवर. स्कॅनआधी क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी बघून घ्या, आणि वडील मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी घेत असतील तर ते आधीच सांगा. किरणांचं म्हणाल तर छातीच्या एका सीटीत साधारण ७ मिलिसिव्हर्ट मिळतात, आपण सगळे वर्षभर निसर्गातून घेतो त्याच्या जवळपास तिप्पट. ६३ व्या वर्षी, या आजारात, ती चिंता मागच्या बाकावरची. विशीतल्या लिम्फोमातून बऱ्या झालेल्या मुलीला मात्र ‘खात्रीसाठी’ दर तीन महिन्यांनी सीटी लिहून दिलेला दिसला की मी स्वतः फोन करून तिच्या डॉक्टरांशी वाद घालतो.

वडिलांसाठी दोन-तीन डोसांनंतर एक, म्हणजे साधारण सहा ते नऊ आठवड्यांनी, हे योग्य अंतर आहे. त्याआधी स्कॅन करायचा तो त्रास झाला तर. अचानक दम लागला, नवी डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या, पाठ दुखून पाय लुळे वाटायला लागले किंवा लघवी अडकली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागणं म्हणजे दर वेळी गाठ वाढणं नसतं. कॅन्सरमध्ये पायातून रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊ शकते, आणि तिच्यावर उपचार आहे.

चित्र मागे रेंगाळतं हे फक्त कॅन्सरपुरतं नाही. लिव्हरमध्ये आमांशाचा गळू झालेल्या माणसाचा ताप चार दिवसांत जातो, तो जेवायला लागतो, कामावर जातो. सोनोग्राफीत पोकळी मात्र कित्येक महिने दिसत राहते आणि प्रत्येक नवा डॉक्टर ती बघून नव्याने घाबरतो. फुप्फुसाच्या टीबीत औषध लागू आहे की नाही ते थुंकी तपासून ठरतं. एक्स-रेवरचा डाग कायमचाही राहील. मणक्याच्या टीबीत तर पहिल्या काही महिन्यांत एमआरआय आधीपेक्षा वाईट दिसू शकतो आणि रुग्ण मात्र उठून बसलेला असतो. ज्या आजारात जे आधी हलतं ते आधी बघायचं.

राहिली सोनोग्राफी. फुप्फुसात हवा असते आणि हवेतून सोनोग्राफीला दिसत नाही, त्यामुळे मुख्य गाठ तिथंच बाद. लिव्हरमधली दिसेल, पण करणारा हात बदलला, प्रोब तिरका धरला, की १७ चे २० होतात. मापासाठी ती धरू नका. छातीत पाणी झालंय का ते बघायला आणि ते पाणी काढायला मात्र तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

पुढच्या स्कॅनला शक्यतो त्याच सेंटरला जा. जाताना दोन्ही जुन्या सीडी, दोन्ही रिपोर्ट, केमोच्या तारखांचा कागद आणि ताजं क्रिएटिनिन घेऊन जा, आणि हे सगळं स्कॅनच्या आधी काउंटरवर द्या. रिपोर्ट टाइप होऊन गेल्यावर सीडी पुढे केली तर तुलना उरकून टाकली जाते, हे मी माझ्याच पेशाबद्दल सांगतोय. घरी एका सीडीच्या दोन प्रती काढून एक पाहुण्यांकडे ठेवा. पुरात कागद गेलेली माणसं अजून माझ्याकडे येतात. आणि फिल्म गाडीत काचेखाली उन्हात टाकू नका. आताच्या फिल्म उष्णतेवर उमटतात, एप्रिलच्या दुपारी दोन तासांत सगळी काळी पडलेली फिल्म मी पाहिलीय.